उजवीकडची वाट

फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत शाईत होते. शाईतल्या माणसाला फोन करू नये, एवढी साधी गोष्ट ताईला इतक्या वर्षांत कळली नव्हती. चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा शाई लावून, पुसून छापायला तयार होता. भिजवलेला कागद टीपकागदांच्या घडीत नेमका हवा तेवढा ओलसर होता आणि आणखी थोड्या वेळात तो नको तेवढा कोरडा होणार होता. कोपऱ्यात चौकटवाला गुडघ्यांवर बसून तिची चित्रं पुठ्ठ्यात बांधत होता आणि नेहमीप्रमाणे त्याच्या तोंडाला विश्रांती नव्हती. तिची चित्रं दातांच्या डॉक्टरांकडे फार खपतात, असं त्याचं म्हणणं. "दाढ काढताना माणसाला समोर काहीतरी शांत लागतं, मॅडम. तुमचं धुकं म्हणजे अर्धी भूल." तिचं 'धुकेवाली' हे नाव त्यानेच पाडलं होतं आणि आता ते शहरभर झालं होतं. तिने करंगळीच्या कोरड्या पेराने फोन चालू केला आणि आवाज मोठा केला.

"बारके, ओळख बघू, मी कुठून बोलतेय?"

"ताई, मी कामात आहे गं."

"तू कामात नसतेस कधी? तुझ्या तळ्यावरून बोलतेय!" ताईचा आवाज लहान मुलीसारखा वर चढला. "शेवटच्या थांब्यापर्यंत बसने आले आणि तिथून चालत. काठी आहे हातात, ओरडू नकोस. आणि काय धुकं पडलंय म्हणून सांगू! तुझ्या चित्रातलं आहे ना, तस्सं. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. बरं ऐक, इथे दोन वाटा फुटतायत. पाण्याकडे जायची ती उजवीकडचीच ना? चित्रात उजवीकडेच आहे."

पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही. लाज वाटली. कारण ते तळं नव्हतं. शहराबाहेरची, बंद पडलेली दगडाची खाण होती ती, आणि तिच्यात साचलेलं पाणी. ताईला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे तिने सांगितलं नव्हतं, कारण सांगणारं दुसरं होतं कोण? ताई एक वर्षभर खुब्याचं हाड मोडून पलंगावर पडली होती आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं. पाणी, पाण्याकडे उतरणारी वाट, वाटेवर झुकलेलं झाड आणि सगळ्यावर धुकं. "मी हिंडू-फिरू लागले की मला तिथे घेऊन जा," असं ताई म्हणायची. बारकी म्हणायची, थंडीत जाऊ. थंडीत म्हणायची, आता गारठा फार आहे, जरा ऊन पडू दे. अशी टोलवाटोलवी करत वर्ष काढलं. आणि आता ताई तिथे उभी होती, थोड्या वेळात धुकं उठणार होतं, आणि गंजलेले डबे, फुटलेले टायर आणि हिरवट पाणी ताईला दिसणार होतं. लबाडी पकडली जाण्याच्या वेळी माणसाला जसा राग येतो तसा तिला राग आला. कागदही वाळत होता.

"हो हो, उजवीकडचीच," ती म्हणाली. "सांभाळून जा. मी नंतर फोन करते." आणि त्याच पेराने फोन बंद केला.

पत्रा छापयंत्राच्या फळीवर ठेवला, कागद ठेवला, त्यावर जाड लोकरी बुरणूस पसरला आणि चाक फिरवलं. चाक फिरवताना तिच्या डोक्यात काही नसायचं; चौकटवाला काय बोलतोय तेही ऐकू यायचं नाही. फळी पलीकडे निघाली. तिने बुरणूस उचलला, कागदाची दोन टोकं चिमटीत धरली आणि तो हलके हलके पत्र्यावरून सोडवला. पत्र्यावर डावीकडे कोरलेला डोंगर कागदावर उजवीकडे आला. तो तिकडेच येतो. पत्र्यावर जे डावं ते छापात उजवं. हे तिला झोपेतही ठाऊक होतं; पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा आठवड्याभरात शिकतात. पण आज तो डोंगर या कडेवरून त्या कडेला गेलेला पाहिला आणि तिला ताईची उजवीकडची वाट आठवली. कागद हातातून सुटून खाली पडला, ओल्या बाजूवर.

"अरेरे, चांगलं आलं होतं की," चौकटवाला म्हणाला.

तिने ताईला फोन लावला. फोन लागत नव्हता. पुन्हा लावला. एक नम्र बाई सांगत होती, की आपण ज्यांना फोन करत आहात ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. ताईने जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली होती, माणसं एकमेकांना जोडून दिली होती, आणि आता तिलाच कोणी जोडून देत नव्हतं. फोनवर शाईचे काळे ठसे उमटले. "तुमची गाडी आहे ना खाली?" तिने विचारलं, आणि विचारताना आपला आवाज आपला नाही हे तिला जाणवलं. चौकटवाल्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, हातातली सुतळी टाकली आणि किल्ली काढली.

गाडीत मागे चौकटी होत्या आणि प्रत्येक वळणाला त्या एकमेकींवर आपटत होत्या. तिने त्याला सगळं सांगितलं, तुटक तुटक. आधी त्याला ते नीट कळलंच नाही. "म्हणजे ती जागा खरी आहे?" तो म्हणाला. "मला वाटायचं तुम्ही मनातलं काढता. मी तर गिऱ्हाइकांना सांगतो, दुरून डोंगर साजरे असं म्हणतात, पण आमच्या मॅडमचे डोंगर जवळूनही साजरे." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो गप्प झाला, आणि त्याचं गप्प होणं तिला बोलण्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. दुकानं उघडत होती. एक माणूस शांतपणे काच पुसत होता. शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी थांबली, आणि तिने पायाने गाडीचा तळ असा दाबून धरला, की जणू गाडी तीच चालवत होती.

पण ते चित्र उलटं होतं का? हे तिला आठवत नव्हतं. सगळीच चित्रं उलटी येत नाहीत. जाणती माणसं कागदावर रेखाटन करतात, ते पारदर्शक कागदावर उतरवून घेतात, पालथं घालतात आणि मग पत्र्यावर कोरतात. मग छाप सुलट येतो. ती आता असंच करत होती. तेव्हा? तेव्हा ती विशीतली होती, खांद्याला पिशवी, पिशवीत तांब्याचे तुकडे आणि एक पोलादी टोकाची सुई. कधी कागदावर काढायची, कधी सरळ पत्र्यावर. त्या दिवशी काय केलं होतं? तिने डोळे मिटले आणि त्या दिवशीची खाण समोर आणायला गेली, तर समोर चित्र आलं. उजवीकडे वाट, डावीकडे दाट धुकं. तिने ते बाजूला सारून मागचं पाहायचा प्रयत्न केला, तर मागेही चित्रच. ज्या जागी ती स्वतः एक अख्खा दिवस बसली होती, ती जागा तिच्याजवळ उरलीच नव्हती. ती या चित्राच्या छापांवर इतक्या वेळा सही करत आली होती, की पत्र्यावरच्या शाईसारखं ते खरं ठिकाण पुसलं गेलं होतं.

मग तिने अंगाला विचारायचं ठरवलं. डोळे फसवतील, अंग फसवणार नाही. ऊन कुठल्या गालावर होतं? चित्रात उजेड डावीकडून येतो. पण तो उजेड तिने मागाहून घातला होता, चित्रकलेच्या शाळेतले गुरुजी म्हणाले म्हणून. दगड फोडायचं यंत्र तेव्हा लांब दुसऱ्या खाणीवर चालू होतं, त्याचा आवाज कुठल्या कानात येत होता? तिला फक्त आवाज आठवला, कान नाही. एका हाताला काटेरी झुडूप लागून रक्त आलं होतं. कुठल्या? तिने दोन्ही हात समोर धरले. दोन्ही काळे होते आणि दोन्हींवर आता काहीच दिसत नव्हतं. "मन चिंती ते वैरी न चिंती, मॅडम," चौकटवाला पुढे बघत म्हणाला. "काही होत नाही. म्हातारी माणसं जपून चालतात." ताई म्हातारी आहे हे तिला या वाक्याने पहिल्यांदा कळलं. आई गेली तेव्हा ताई कॉलेजात होती. कॉलेज सोडून तिने नोकरी धरली आणि बारकीला चित्रकलेच्या शाळेत घातलं. नातेवाईक म्हणाले, पोरीला चित्रं काढायला शिकवून काय भिंती रंगवून घेणार आहेस? ताई म्हणाली, हो, माझ्याच भिंती रंगवून घेणार आहे.

आणि मग तिला पाटी आठवली. ती अगदी साधेपणाने आठवली, चष्मा कुठे ठेवला ते एकदम आठवावं तशी. खाणीवर दोन वाटा फुटत होत्या तिथे एका खांबावर पत्र्याची पाटी होती, लाल अक्षरांत 'धोका' लिहिलेली. तिथून जाणारी वाट पूर्वी ट्रकची होती. ती सरळ जाऊन कापलेल्या कड्यावर संपत होती आणि पाणी तिथून खोल खाली होतं. दुसरी वाट फिरून फिरून पाण्यापर्यंत उतरत होती. तिने पाटीसुद्धा चित्रात घेतली होती, हौसेने, अक्षरांसकट. पहिला छाप काढला तेव्हा गुरुजी मागे उभे होते. कागद उचलला आणि ती अक्षरं उलटी आली, आरशातल्यासारखी. गुरुजी पोट धरून हसले. "पाटी उलटी आली म्हणजे सगळी दुनियाच उलटी आली, बाई! पण जाऊ दे. चित्र पाहून कोणी वाट शोधायला जात नाही. ती पाटी तेवढी घालव." पत्रा नव्याने करायचा म्हणजे महिना गेला असता. तिने पोलादी खरवडणी घेतली आणि पाटी, खांब, कड्याची कडा असं सगळं घासून घासून बुजवलं. तांब्यात तिथे एक खळगा पडला आणि त्या खळग्यात शाई धड पुसली जाईना, धड राहीना. छापात तिथे धुकं आलं. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "हे काय केलंस तू? हेच कर." पुढे तिने जन्मभर तेच केलं. प्रदर्शनांत लोक त्याच जागी थांबायचे, मान कलती करायचे, म्हणायचे, इथे पाहत राहावंसं वाटतं.

म्हणजे उलटं. म्हणजे उजवीकडची वाट कड्याची. आणि तिने हो हो म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा. एवढा वेळ तिला आठवायला हवं होतं. आता आठवलं तर ते नको होतं. "गाडीचा वेग वाढवा," ती म्हणाली. तिला ताईचे पाय दिसत होते, सुजरे, पट्ट्याच्या चपलांतले, आणि काठीचं रबरी टोक, प्रत्येक पावलाआधी जमीन चाचपणारं. रबरी टोक एकदा जमिनीला लागणार नाही. ताई म्हणेल, अगंबाई. एवढंच म्हणेल ती. ताई कधी ओरडायची नाही. ऑपरेटरने ओरडायचं नसतं.

शेवटचा थांबा गेला आणि धुकं सुरू झालं. आधी पातळ, मग चौकटवाल्याने दिवे लावले, मग त्या दिव्यांचाही उपयोग होईना. कच्चा रस्ता संपला तिथे त्याने गाडी उभी केली. फोनला रेंज येत-जात होती; आता नव्हती. मागे चौकटी बांधायची सुतळी होती. त्याने ती ओढून पाहिली आणि टाकून दिली. "हिने माणूस पेलणार नाही. मी थांब्यावरून दोर आणि माणसं घेऊन येतो. तुम्ही इथून हलू नका, मॅडम. मॅडम, ऐकलंत ना?" ती मान हलवत होती. गाडीचा आवाज लांब गेला, आणि ती निघाली.

दोन वाटा तिथेच होत्या. खांब होता, त्यावर पाटी नव्हती. भंगारवाल्यांनी नेली असावी. खांब उजव्या हाताला होता. तिने त्या खांबाला हात लावला, गार आणि खरखरीत, आणि पुढच्या मऊ मातीत पाहिलं. चपलांचे ठसे होते आणि प्रत्येक ठशाशेजारी काठीचा एक गोल ठिपका. सांगितल्याप्रमाणे ताई उजवीकडे गेली होती. बारकीने सांगितलं आणि ताईने ऐकलं नाही, असं लहानपणापासून कधी झालं नव्हतं.

"ताई!" तिने हाक मारली.

काहीच नाही. मग आवाज आला, अगदी स्वच्छ, खात्यातला: "बोला, ऐकतेय." आणि एक छोटंसं हसू. आवाज समोरून आला, आणि त्याच वेळी डावीकडूनही आला, आणि मागूनही. खाणीच्या भिंती तो एकमेकींकडे टाकत होत्या.

"ताई, हलू नकोस. आहेस तिथेच खाली बस."

"खाली कशाला? उठताना मला क्रेन लागेल. तू आलीस होय? बरं झालं. अगं, दगडांवर बसत बसत आले. पाण्याचा वास येतोय, पण पाणी काही सापडत नाही. अजून थोडं पुढे असेल."

"ताई, बस! माझी शपथ आहे तुला!"

शपथ ऐकून ताई बसू लागली. बारकीने लुगड्याची का कोटाची तरी सळसळ ऐकली, काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज ऐकला. मग ती स्वतः हातापायांवर आली. आधी एक तळवा पुढे ठेवायचा, जमीन आहे का ते बघायचं, मग त्यावर भार टाकायचा, मग गुडघा. खडी तळव्यांत रुतत होती. तिने आयुष्यभर अशी पांढरी हवा विकली होती, चौकटीत घालून, सही करून. ती आतून अशी असते हे तिला माहीत नव्हतं. तिच्यात काही शांत नव्हतं. तिच्यात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याला कडा होती, आणि ती कडा कुठेही असू शकत होती. मधेच ठसे दिसेनासे झाले, दगड लागला. ती "ताई" म्हणायची आणि ताई "हूं" म्हणायची, आणि प्रत्येक "हूं" वेगळ्या बाजूने यायचा. दोनदा ती वळली. एकदा तिला वाटलं, आपणच आधी पडणार. आणि लाज वाटली, की क्षणभर त्यात सुटका वाटली. मग तिच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. ताईचा पाय होता.

तिने तो धरला. पायावरून गुडघा, गुडघ्यावरून हात, असं चाचपत ती वर आली आणि ताईला मिठी मारून रडायला लागली. ताई तिच्या पाठीवर थोपटत राहिली. "अगं, काय झालं काय? मी काय हरवलेय का? हात बघ तुझे, माझा कोट काळा केलास." ताईचा चेहरा इतका जवळ होता, की तेवढाच दिसत होता. तो आनंदी होता. "तस्संच आहे गं," ताई म्हणाली. "मी पडून पडून बघायची ना, तस्संच. मला वाटायचं, बारकीने माझं मन राखायला नटवून काढलं असेल. पण काही नटवलेलं नाहीस तू."

ते ऐकून आता गप्प राहिलं तरी चाललं असतं. माणसं दोर घेऊन आली असती, दोघी गाडीत बसल्या असत्या, आणि ताईच्या भिंतीवर ते चित्र होतं तसंच राहिलं असतं. तिने जमिनीवर चाचपडून एक दगड घेतला, मुठीएवढा. "ताई, बघ," ती म्हणाली आणि तो समोर सोडला. फेकला नाही, हात लांब करून नुसता सोडला.

आवाज आला नाही. ताई तिच्याकडे बघत होती, काय बघायचंय ते न कळून. ताईने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खालून, फार खालून, पाण्याचा आवाज आला आणि भिंतीभिंतींवरून वर चढत राहिला.

ताईने पाय पोटाशी ओढून घेतले. ती म्हणाली, "हे माझ्यासमोर टांगलं होतंस?"

"हो."

"इथे पाटीबिटी काही नव्हती?"

"होती. मी पुसली."

"का गं?"

"उलटी आली होती."

ताईने रागवावं, निदान एक धपाटा घालावा, असं तिला वाटत होतं. पण ताईचा श्वास तेवढा ऐकू येत होता, वरचा वर, लहान लहान. ताई घाबरली होती. ताईला भीती वाटते हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीही नाही. मग ताईने तिचा शाईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"चल, उठव मला. परत जाऊ. तू आलीस ती वाट कुठल्या बाजूला?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. 'उजवीकडे' हा शब्द जिभेवर तयार होता, आपोआप आलेला. पण येताना ती वळली होती. मिठी मारताना पुन्हा फिरली होती. आणि दगड कुठल्या हाताने सोडला, ते आता तिला सांगता येत नव्हतं. तिने मागे पाहिलं, म्हणजे जे मागे असावं तिकडे पाहिलं. तिथेही समोरच्यासारखंच पांढरं होतं.

"मला माहीत नाही, ताई," ती म्हणाली.

ताईने काठी दोघींच्या मांड्यांवर आडवी ठेवली. "मग हलायचं नाही," ती खात्यातल्या आवाजात म्हणाली, पण तो आवाज शेवटाला फाटला. दोघी एकमेकींना धरून बसून राहिल्या. माणसांच्या हाका येतात का ते ऐकत होत्या. हाका आल्या नाहीत. कुठूनतरी एक खडा आपोआप सुटला आणि घरंगळत गेला. दोघींनी श्वास रोखला. तो कुठल्या बाजूने गेला, ते दोघींनाही कळलं नाही.